थापणाऱ्या हाताचं यंत्र

सांगली जिल्ह्यात विट्याकडे रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू. खानापूर तालुका कमी पावसाचा, त्यामुळे शाळूची भाकरी हाच इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार. दळण जात्यावरून गिरणीत जाऊन जमाना झाला. भाकरी मात्र घरोघरी अजून हातावरच थापली जाते.

यंत्रं घडवणाऱ्यांची या भागात कमतरता कधीच नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर, उसाचे चरक शेतापर्यंत नेले. तरी भाकरी यंत्राने करायची तर अडचण आहे ती पिठात.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, म्हणून ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. म्हणून बाई पिठात कढत पाणी घालते. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गोळा धरतो. पीठ जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, की तेच पाणी पुरत नाही. परातीतला गोळा कडेने चिरतो. हे तिला बोटांना कळतं. यंत्राला ते कशाने कळावं?

सिंगापूरमध्ये प्रणोती नगरकर या मेकॅनिकल इंजिनिअरने २००८ मध्ये कंपनी सुरू करून रोटीमॅटिक घडवलं. मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं एकाच खोक्यात करणारं हे यंत्र बाजारात यायला कित्येक वर्षं लागली, आणि तेही आधी गव्हाच्या रोटीसाठी. त्यावरून शाळूचं काम किती अवघड, याचा अंदाज येतो.

यंत्राने गोळा दोन तापलेल्या पाट्यांत दाबला की भाकरी गोल होते खरी, पण हाताने थापताना ती फिरत फिरत हळूहळू पसरते, कडेला चीर दिसली की बोट लगेच तिथे जातं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग आरावर धरायची. आतली वाफ कोंडली तरच पापुद्रा सुटतो. पाणी जास्त झालं की भाकरी चिकटते, कमी पडलं की तडकते.

म्हणून पहिल्याच झटक्यात सगळं यंत्राकडे सोपवण्याचा हट्ट नको. खानावळीत आणि बचत गटांत शेकडो भाकऱ्या करणाऱ्या बायकांचे खांदे-मनगटं भरून येतात ती मळण्या-थापण्याने. आधी उकड मळणारं आणि हलक्या दाबाने गोळा पसरवणारं यंत्र व्हावं. तवा तिच्याच हाती राहू द्यावा. आणि आराखड्याच्या कागदाशी इंजिनिअरसोबत तीही बसावी, कारण विरी गेलेल्या पिठाला किती पाणी लागतं, ते तिलाच ठाऊक आहे.