पाण्यात उतरलेला खडक

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराळ भागात राणीसावरगाव वसले आहे. तेथे विहीर खणू लागले, की मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेला लाव्हारस थिजून हा पाषाण बनला. मराठवाड्याचा बहुतेक प्रदेश ह्याच खडकावर उभा आहे. परंतु पूर्वेस, नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या बाजूला, ह्या थराची कड येते आणि त्याखालचे फार प्राचीन खडक उघडे पडतात. खडक बदलला, की पाण्याचा गुणही बदलतो.

ग्रॅनाइटसारख्या खडकांतील काही खनिजांत फ्लोराइड असते. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते व तेथे वर्षानुवर्षे साचून राहते. तेव्हा ते फ्लोराइड त्यात हळूहळू विरघळते. उथळ आडाच्या पाण्याला खडकाचा सहवास थोडाच घडतो. आड आटले आणि कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या, तेव्हा किनवट, यवतमाळ व चंद्रपूर ह्या भागांतील अनेक गावांना हे दुखणे अधिक जाणवू लागले.

हे पाणी दिसावयास नितळ असते. गढूळ पाण्याची माणसाला शंका येते. ह्याची कोण घेणार? जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे दीड ग्रॅम! थोडे फ्लोराइड दातांना उपकारकच असते. मर्यादा ओलांडली, की तेच अपाय करते. त्याची पहिली खूण मुलांच्या दातांवर उमटते. कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असतानाच त्यांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत, कारण ते दाताच्या घडणीतच असतात. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. वाकलेली हाडे औषधाने पुन्हा सरळ होत नाहीत.

पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ह्यावर एक स्वस्त उपाय शोधला. पाण्यात चुना व तुरटी घालून ते ढवळावे आणि निवळू द्यावे. पुष्कळसे फ्लोराइड गाळाबरोबर तळाशी बसते. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यावरून ह्यास ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात. मात्र तुरटीचे माप पाण्यागणिक बदलते, म्हणून आधी पाणी प्रयोगशाळेत तपासावे लागते. जेथे नदीचे किंवा साठविलेले पावसाचे शुद्ध पाणी मिळते, तेथे पिण्यास व स्वयंपाकास तेच घेतात, आणि कूपनलिकेचे पाणी धुण्याभांड्यांसाठी ठेवतात.