देशाचे अंदाजपत्रक : तयार कसे होते आणि मंजूर कोण करते?



दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. तोडीची चौकशी करायला आलेली मंडळी बाकावर टेकतात, चहा येतो आणि कुणीतरी विचारतेच, "साहेब, बजेटात उसाला काय दिलं?" आम्ही "दर तिथं ठरत नाही हो" म्हटले की मंडळी एकमेकांकडे बघतात. साहेबाला काही माहीत नाही, असा त्यांचा समज होत असावा.

खरे सांगायचे तर नोकरीच्या सुरुवातीला आम्हालाही माहीत नव्हते. शेतकी पदविकेच्या अभ्यासात आम्ही माती, खते, बेणेप्रक्रिया आणि कीडरोग शिकलो. अंदाजपत्रक कुणी शिकवले नाही. त्या अज्ञानाचा फटका एका सभासदाला बसला. भाषणात ठिबकसाठी जादा तरतुदीची घोषणा झाली म्हणून आम्हीच त्याला सांगितले, "घ्या संच, अनुदान येतंय." त्याने सोसायटीचे कर्ज काढून संच बसवला. मार्गदर्शक सूचना आणि निधी खाली येईपर्यंत पुढचे वर्ष उजाडले आणि आधी बसवलेला संच योजनेत बसला नाही. व्याज त्याने भरले, आम्ही नाही. घोषणा, मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळले. आज त्याचीच उकल करीत आहोत.

अंदाजपत्रक म्हणजे परवानगी

आपल्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. संचालक मंडळ पुढील वर्षाचे अंदाजपत्रक तयार करते आणि ते वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवते. मालक सभासद, म्हणून विचारायचे सभासदांना. देशातही तत्त्व हेच. सरकारकडे जमणारा कर आणि सरकारने काढलेले कर्ज 'भारताच्या एकत्रित निधी'त जाते. या निधीतला एक रुपयाही संसदेच्या कायद्याशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि कायद्याचा आधार नसेल तर कुणावर एक रुपयाचा करही बसवता येत नाही. घटनेच्या कलम ११२ मध्ये 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' असा शब्द आहे. 'बजेट' हा शब्द घटनेत नाही, तो व्यवहारातला.

म्हणजे अंदाजपत्रक ही सरकारने वाटलेली खिरापत नव्हे. "आम्ही एवढे जमवू, एवढे खर्चू, परवानगी द्या," असा तो अर्ज आहे. अर्जदार सरकार आणि मंजुरी देणारी आपण निवडून दिलेली लोकसभा.

लागणीच्या हिशेबाने पाहा

१ फेब्रुवारीला दिसते ते तयार पीक असते. लागण त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. आपल्या तीन लागणींचा हिशेब धरला तर हे चटकन लक्षात राहील.

आडसाली लागण संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, अर्थ मंत्रालयाचा अंदाजपत्रक विभाग सर्व मंत्रालयांना परिपत्रक पाठवतो. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षी किती होईल आणि पुढील वर्षी किती लागेल, हे ठरलेल्या नमुन्यात मागवले जाते.

पूर्वहंगामी लागण चालू असते, इकडे मोळी पडून गाळप सुरू होते, त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रत्येक मंत्रालयाबरोबर बैठका होतात. प्रत्येकाला जास्त हवे असते आणि अर्थ मंत्रालयाला कात्री लावायची असते. मागच्या वर्षीची रक्कम अखर्चित राहिली असेल तर मागणारा तिथेच अडतो.

त्याच सुमारास अर्थमंत्री उद्योजक, कामगार संघटना, अर्थतज्ज्ञ आणि शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकतात. सामान्य नागरिकांकडूनही सूचना मागवल्या जातात. ही वेळ आपण विसरतो, तिच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

जानेवारीत आकडे पक्के होऊ लागतात आणि गुप्तता कडक होते. १९५० साली अंदाजपत्रकातील मजकूर बाहेर फुटला होता. त्यानंतर छपाई राष्ट्रपती भवनातील छापखान्यातून मिंटो रोडला आणि १९८० पासून नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात हलवण्यात आली. छपाई सुरू होताना मोठ्या कढईत हलवा करून वाटण्याची प्रथा पडली आणि त्यानंतर संबंधित कर्मचाऱ्यांनी भाषण होईपर्यंत बाहेर पडायचे नाही, असा दंडक राहिला. एवढी गुप्तता का? तर कोणत्या मालावर कर वाढणार हे आधी कळले, तर साठेबाज एका रात्रीत हात धुऊन घेतील.

आणि सुरू लागणीच्या दिवसांत, १ फेब्रुवारीला, अर्थमंत्री अंदाजपत्रक लोकसभेत मांडतात. २०१६ पर्यंत ते फेब्रुवारीच्या अखेरीस मांडले जाई. पूर्ण मंजुरी मिळेपर्यंत मे महिना उजाडायचा, खात्यांना पैसे मिळेपर्यंत पावसाळा तोंडावर यायचा आणि रस्त्या-कालव्यांची कामे पुढे ढकलली जायची. २०१७ पासून तारीख अलीकडे आणली, ती १ एप्रिललाच पैसा हाती असावा म्हणून. स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची १९२४ पासूनची पद्धतही २०१७ सालीच बंद झाली.

मंजुरीच्या पायऱ्या

भाषण झाले म्हणजे अंदाजपत्रक मंजूर झाले, असे नव्हे. मंजुरीचे काम तिथून सुरू होते.

पहिली पायरी सर्वसाधारण चर्चेची. ती दोन्ही सभागृहांत होते, मतदान नसते. मग संसदेला सुटी मिळते. त्या काळात खात्यांशी संलग्न स्थायी समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासून अहवाल देतात. १९९३ पासून ही पद्धत आहे. या समित्यांत सर्व पक्षांचे खासदार असतात.

दुसरी पायरी अनुदानांच्या मागण्यांची. कृषी खात्याला इतके, संरक्षणाला इतके, असे एकेक मागून मतास टाकले जाते. हा अधिकार फक्त लोकसभेचा. खासदार कपात सूचना मांडू शकतात. धोरणच अमान्य असेल तर 'रक्कम कमी करून एक रुपया करावी' अशी सूचना देतात, आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर शंभर रुपये कपातीची. अशी सूचना मंजूर झाली तर तो सरकारचा पराभव मानला जातो. काही खर्च मात्र मताला टाकलाच जात नाही. त्याला 'प्रभारित' खर्च म्हणतात. राष्ट्रपती व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि सरकारी कर्जावरचे व्याज त्यात येते.

हे व्याज किती, ते पाहा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता. येणाऱ्या प्रत्येक रुपयातील २४ पैसे कर्जाऊ होते आणि जाणाऱ्या रुपयातील २० पैसे व्याजाचे. राज्यांचा करांतील वाटा २२ पैसे होता. सोसायटीची उचल घेऊन जुन्याचे व्याज भरणारा शेतकरी आपण गावात पाहतोच. देशाचे उत्पन्न मोठे असल्याने ते निभावते, पण हिशेबाची जात तीच.

ठरलेल्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली तर सभागृहातील गदारोळामुळे सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. आपल्या वार्षिक सभेत विषय वाचून होण्याआधी मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज उठतो, त्याचीच ही दिल्लीची आवृत्ती म्हणायची!

तिसरी पायरी विनियोजन विधेयकाची. एकत्रित निधीतून पैसे काढण्याची कायदेशीर परवानगी ती हीच. चौथी वित्त विधेयकाची, म्हणजे करांच्या बदलांची. ही धन विधेयके म्हणून राज्यसभेकडे जातात. राज्यसभा १४ दिवसांत शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही. शेवटी राष्ट्रपतींची संमती.

निवडणुकीच्या वर्षी हे सर्व वेळेत होत नाही. तेव्हा काही महिन्यांपुरते 'लेखानुदान' घेतात. २०२४ साली १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण अंदाजपत्रक मांडले गेले, ते याच कारणाने. वर्षात पैसे कमी पडले तर पुरवणी मागण्या आणाव्या लागतात, आणि वर्ष संपल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात.

मग उसाचे काय?

एफआरपी अंदाजपत्रकात ठरत नाही. ती १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजूर करते. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये हा दर ३० एप्रिल २०२५ रोजी मंजूर झाला. अंदाजपत्रक त्याआधी तीन महिने मांडून झाले होते. साखरेवरचा कर २०१७ पासून जीएसटी परिषदेच्या कक्षेत गेला. पाणीपट्टी आणि वीजदर हे तर राज्यपातळीवरचे विषय.

तरीही अंदाजपत्रकातील एक ओळ ऊसवाल्याचे केवढे काम करते, याचा दाखला २०२३ सालचा आहे. सहकारी कारखान्यांनी किमान वैधानिक किमतीपेक्षा जो जादा दर सभासदांना दिला, तो आयकर खात्याने अनेक वर्षे 'नफ्याचे वाटप' धरला आणि त्यावर कराची मागणी लावली. म्हणजे उसाचे दाम देणे हा गुन्हा झाल्यासारखे. सहकारी साखर क्षेत्राने यावर निवेदने दिली, शिष्टमंडळे नेली, न्यायालयात दाद मागितली. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या दराइतकी रक्कम खर्च म्हणून धरण्याची सोय झाली, पण आकारणी वर्ष २०१६-१७ पासून पुढे. मागची थकीत मागणी तशीच डोक्यावर राहिली. १ फेब्रुवारी २०२३ च्या भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याआधीच्या वर्षांनाही ही सवलत जाहीर केली आणि सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगितले. ३१ मार्चला तिचा कायदा झाला. त्यानंतरही प्रत्येक कारखान्याला अर्ज आणि जुने हिशेब सादर करणे भागच होते.

ज्यांच्याकडे जुन्या वर्षांची दप्तरे नीट होती, त्यांचे काम सोपे. सांगायचा मुद्दा हा की ही ओळ आपोआप आली नाही. ती अनेक वर्षे, योग्य वेळी, आकड्यांसह मागितली गेली.

आपण काय करावे

भाषण ऐकून कर्ज काढू नये. शासन निर्णय, मार्गदर्शक सूचना आणि आपल्या जिल्ह्याला निधी, या तिन्ही गोष्टी झाल्या का, हे आमच्या कार्यालयात विचारून मगच पाऊल टाकावे. आम्हीही आता कागद पाहिल्याशिवाय उत्तर देत नाही.

मागणी असेल तर ती ऑक्टोबरच्या आत लेखी द्यावी. ऊस विकास, ठिबक, माती परीक्षण, पीककर्जाचे व्याज, जे काही असेल ते आपल्या गटाच्या आकड्यांसह लिहावे. गट कार्यालयाने ते गोळा करून कारखान्यामार्फत साखर संघाकडे आणि आपल्या खासदारांकडे पाठवावे, असा आमचा प्रयत्न राहील. फेब्रुवारीत केलेली तक्रार म्हणजे ऊस तुटून गेल्यावर शेताला दिलेले पाणी.

आणि शेवटची विनंती घरची आहे. आपल्या वार्षिक सभेआधी अहवाल घरी येतो. त्यातले अंदाजपत्रकाचे पान एकदा वाचून या. समजले नाही तर सभेत विचारा. लोकसभेने न वाचता मंजुरी दिली तर आपण नावे ठेवतो. मग आपल्याच सभेत "मंजूर" म्हणण्याआधी ते पान वाचलेले असावे, एवढे आपल्या हाती आहे.