वाशी: इथे प्रत्येकाचं ‘गाव’ वेगळं!

वाशीत कुणाशी ओळख झाली की दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, ‘मूळ गाव कुठलं?’ त्रिशूर, भुज, पाटण, बर्दवान, जालंधर... उत्तर काहीही येतं, फक्त ‘वाशी’ येत नाही. माझंही येत नाही. मी सांगलीचा. नोकरीसाठी आलो, पेइंग गेस्ट म्हणून राहिलो आणि इथेच रुळलो.

आमच्या मजल्याचंच बघा ना! समोर मल्याळी जोडपं, शेजारी कच्छी कुटुंब, कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये बंगाली काका. ओणमला पायसम, दिवाळीला फरसाण, दुर्गापूजेत खिचुरी. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढाच नियम. मग आमच्याकडून पुरणपोळ्या जातात.

ही मिसळ जमली कशी?

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईची सुरुवात वाशीपासून झाली. मुंबईतले घाऊक बाजार इकडे हलले, तसे गुजराती-मारवाडी व्यापारी आले. त्यांच्या मालाची पोती उचलायला साताऱ्याकडचे माथाडी आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी आणखी कुठकुठची माणसं आणली. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीत पोचली आणि मग काय, गर्दीच गर्दी!

स्टेशनजवळच्या सेक्टर ३० एमध्ये एक चक्कर मारा. केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन, मिझोराम हाऊस... सगळी चालत जायच्या अंतरावर. राज्यांनी आपापल्या माणसांसाठी बांधलेली ही हक्काची ठिकाणं. एकदम कॉस्मो!

‘हेच आमचं गाव’

पण इथून थोडं पुढे गेलात की वाशीगाव लागतं. चिंचोळ्या गल्ल्या, खेटून उभी घरं आणि खाडीशी जुनं नातं असलेले कोळी. इथे ‘गाव कुठलं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘हेच.’

नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचा जीव गेला. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तरी वाढत्या कुटुंबांनी ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत राहिला. २०२१ मध्ये नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारो लोक जमले, ते उगाच नव्हे.

आमच्या सोसायटीत ओणमपासून छटपूजेपर्यंत सगळ्याचे मेसेज फिरतात. गावदेवीच्या जत्रेचा मात्र येत नाही. जत्रेच्या दिवसांत ऐकू येतं ते एवढंच, ‘आज गावात ट्रॅफिक आहे.’ आपण दूरदूरचे सण पाठ केले, पण दहा मिनिटांवरचं गाव अजून ‘शॉर्टकट’च आहे. कॉस्मोपॉलिटन म्हणवून घ्यायचं तर ज्यांच्या शेतावर आपलं पार्किंग उभं आहे, त्यांच्याशी निदान तोंडओळख तरी हवी!

या वीकएंडला

दुपारी आसाम भवनात आसामी जेवण (आधी फोन करून विचारा). संध्याकाळी सागर विहारला खाडीवरचा वारा. परतताना वाशीगावातून चालत या. गाडी नको, गल्लीत मावणार नाही. वाटेत मासळी दिसलीच तर घ्या आणि कोळीण मावशींनाच विचारा, कालवण कसं करायचं. अ‍ॅपवर ही रेसिपी मिळणार नाही.