झोळीवरचे छप्पर

ताडपत्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खळ्यावरची धान्याची रास किंवा पावसाळ्याच्या तोंडावर गवताच्या गंजीवर ओढलेले आच्छादन उभे राहते. परंतु रानावनात मुक्काम करणाऱ्या प्रवाशांनी तिच्याकडून आणखी एक मोठे काम करून घेतले आहे. दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधावयाची, तीत निजावयाचे आणि वर ताडपत्रीचे छप्पर ताणावयाचे, असा हा प्रकार. झोळीत निजण्याची ही चाल कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांची. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचल्यानंतर ती युरोपियनांना ठाऊक झाली आणि पुढे जहाजांवरील खलाशांनी उचलली.

आज अमेरिकेत, जॉर्जियापासून मेनपर्यंत गेलेल्या साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या अ‍ॅपलेशियन पायवाटेवर अनेक प्रवासी अशाच झोळीत रात्री काढतात. या वाटेवरील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे ६,६४३ फूट उंचीचे कुवोही शिखर; हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो. अशा जागी ताडपत्रीची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. अंग भिजले आणि त्यावर वारा लागला, तर पारा शून्याच्या वर असतानाही शरीराची ऊब घटत जाऊन प्रसंग जिवावर बेतू शकतो.

पहिला विचार लांबीचा. ११ फुटी झोळी बांधल्यावर तिच्या दोन टोकांतील सरळ अंतर सुमारे ९ फूट भरते. ताडपत्री ११ फुटी असेल तर प्रत्येक टोकापुढे फूटभर छप्पर उरते, १२ फुटी असेल तर दीड फूट. उन्हाळ्यात याहून लहान चालते. थंडीत मात्र वाऱ्याबरोबर पाणी आडवे येते. रुंदी १० फुटांच्या आसपास असावी, म्हणजे छपराची दोन्ही पाखी जमिनीजवळ ओढता येतात. दोन्ही तोंडे बंद करणारे पडदे असतील तर अधिक उत्तम.

दुसरा विचार कापडाचा. खळ्यावरची प्लास्टिकची ताडपत्री पाणी अडविते व स्वस्तही असते. पण ती जड, आणि वाऱ्यात रात्रभर फडफडते. सिलिकॉन चढविलेले नायलॉन हलके व चिवट, परंतु भिजले की सैलावते. मग अपरात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. त्याच धर्तीचे पॉलिएस्टर पुष्कळ कमी सैलावते. डायनीमाचे कापड फार हलके असून ताणत नाही, पण त्याची किंमत सर्वांना परवडणारी नाही.

वाचकहो, एक गोष्ट ध्यानी धरावी. ताडपत्री वारा व पाणी अडविते. ऊब देत नाही. पांघरुणाचा जो भाग अंगाखाली दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि पाठीला थंडी लागते. म्हणून झोळीच्या खालून, बाहेरच्या बाजूने एक जाड गोधडी सैल टांगतात. त्या गोधडीला वारा लागू नये, यासाठीच पाखी खाली ओढावयाची.

बांधताना छपराचे आढे वाऱ्याला आडवे ठेवावे. झोळीच्या दोरीला छपराच्या आत एक सुतळी बांधून लोंबती सोडावी, म्हणजे दोरीवरून ओघळणारे पाणी झोळीत न येता तेथेच गळते. बर्फ साचू लागल्यास आतून थोपटून पाडावा. वर वाळलेल्या फांद्या असलेले झाड टाळावे. हवेला थोडी वाट ठेवावी, नाहीतर श्वासाची वाफ आतून दवासारखी टपकते. बंद छपराखाली स्टोव्ह कधीही पेटवू नये. आगीइतकाच विषारी वायूचाही धोका असतो.

आणि नवी ताडपत्री घेऊन थेट डोंगरावर जाऊ नये. घराच्या परसात, पावसाच्या एखाद्या रात्री ती आधी बांधून पाहावी. तेथे पाणी गळले, तर दार दहा पावलांवर असते.