रंगाचं नाव नको, क्रमांक सांगा

हुणसूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर बेळगावचं, आता मुक्काम तिकडे. पाऊस ओसरला की लक्ष्मणतीर्थेच्या काठावर आणि नागरहोळेच्या जंगलाच्या कडेला बसून चित्रं काढायची त्यांची इच्छा आहे. त्यासाठी खांद्यावरच्या पिशवीत मावेल असा जलरंगांचा संच घ्यायचा आहे. दुकानात बारा रंगांपासून अठ्ठेचाळीस रंगांपर्यंतच्या पेट्या मांडलेल्या. त्या विचारतात, ‘सगळ्यात तजेलदार रंग कोणत्या पेटीत मिळतील?’

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कागदावर लावलेला रंग आज किती झळकेल, हा पहिला. त्याचं उत्तर भौतिकशास्त्राकडे आहे. दहा वर्षांनी त्यातला किती शिल्लक असेल, हा दुसरा. त्याचं उत्तर रसायनशास्त्र देतं. दुकानात आपण सहसा पहिलाच विचारतो.

पहिल्या भागासाठी त्यांना फार लांब जायला नको. हुणसूरपासून म्हैसूर सुमारे ४५ किलोमीटर. तिथल्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीवर आडोसा धरलेला तळहात, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड आणि त्यात उजळलेला चेहरा. पाहायला येणारे कितीतरी लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं समजून परततात. ते आहे सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतच स्वतःची चित्रशाळा काढली. १९४५-४६ च्या सुमारास काढलेल्या या चित्रासाठी त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली होती. आणि हे चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे! तैलरंगात एखादी जागा बिघडली तर खरवडून पुन्हा रंगवता येते. जलरंग अशी सवलत क्वचितच देतो. एवढं काम जलरंगात करणाऱ्या माणसाचं नाव मराठी घरांतही फारसं निघत नाही, याचं वाईट वाटतं.

तो उजेड येतो कुठून? कागदातून. तैलरंगाचा किंवा पोस्टर कलरचा जाड थर आपल्या पृष्ठभागावरूनच प्रकाश परत पाठवतो. जलरंगाचा पातळ थर मात्र पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. गाळणी एकच, पण प्रकाश तिच्यातून दोनदा जातो. म्हणून जलरंगातला दिवा पांढरा रंग लावून पेटत नाही. तिथे कागद राखून ठेवावा लागतो आणि भोवतालचा अंधार थरावर थर चढवून रचावा लागतो. पेटीइतकंच महत्त्व कागदाला द्यायचं ते यासाठी. पैसे मोजकेच असतील तर पेटी लहान घ्यावी आणि सुती लगद्याचा, ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. स्वस्त पातळ कागद पाण्याने फुगतो, त्याचे तंतू उचकटतात, रंग आत मुरतो आणि मंद दिसतो.

ओला असताना सुरेख दिसलेला रंग वाळल्यावर फिका पडतो, ही प्रत्येक नवशिक्याची तक्रार असते. त्यात रंगवाल्याची लबाडी नसते. रंग ओला असताना कणांमधल्या आणि तंतूंमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचं माप, १.३३ आणि डिंकाचा दीडच्या आसपास, त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आत शिरतो. पाणी उडून गेलं की फटींत हवा येते. तिचा अपवर्तनांक जेमतेम १, म्हणून पृष्ठभागावरच पांढरा प्रकाश विखुरतो आणि रंगात मिसळतो. यावर उपाय एकच: ओल्यात थोडा गडद लावायचा.

आता पेटी उघडू. वडीत मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याची अतिबारीक पूड, तिला कागदाशी बांधणारा डिंक आणि वडी कोरडी ठणठणीत होऊ नये म्हणून ग्लिसरीन किंवा मध. डिंक सहसा आफ्रिकेतल्या बाभळीच्या एका जातीचा असतो. आपले लघुचित्रकार बाभळीचा आणि धावड्याचा डिंक वापरत आले. हिवाळ्यात आपण लाडवांत घालतो, तोच हा माल. शर्करेच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेला, पाण्यात विरघळणारा. हुणसूर तालुक्यातच गुरुपुऱ्याची तिबेटी वसाहत आणि ग्युमे मठ आहे. तिबेटी थांका चित्रांत खनिजांची पूड प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात कालवतात. बांधणारा पदार्थ बदलला, तरी रचना तीच राहते.

रंगाची ही पेटी विज्ञानाच्या कामी कशी आली, ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गँबोज नावाचा एक झळझळीत पिवळा रंग असे. आपल्या कोकमाच्या भाऊबंद झाडांच्या चिकापासून तो मिळायचा. म्हैसूर शैलीच्या चित्रांत सोन्याच्या वर्खाखाली उठावाचं काम करताना जो लेप वापरत, त्यातही तो पडत असे. १९०८ साली पॅरिसमध्ये झ्याँ पेरँ या शास्त्रज्ञाने हाच चित्रकाराचा रंग पाण्यात कालवला. अणू-रेणू खरोखर असतात की ती फक्त गणिताची सोय आहे, हा वाद तेव्हा मिटला नव्हता. पेरँला सारख्या आकाराचे बारीक कण हवे होते. किलोभर गँबोज घेऊन तो कित्येक महिने ते यंत्रात फिरवत, वेगळे करत राहिला आणि हाती लागले एक ग्रॅमदेखील न भरणारे कण. मग त्याने ते पाण्याच्या एक दशांश मिलिमीटर खोल थरात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर मोजले. तळाशी १०० कण धरले, तर ३० मायक्रॉन वर ४७, आणखी ३० मायक्रॉन वर २३, त्याहून वर १२. दर टप्प्याला जवळपास निम्मे!

डोंगर चढताना हवा विरळ होते, तोच हा नियम. फक्त हवेला निम्मं व्हायला पाच-साडेपाच किलोमीटर लागतात, गँबोजच्या कणांना एका केसाच्या जाडीहूनही कमी उंची. कणाचं वजन माहीत होतं. दोन्ही उंचींची तुलना केली की हवेच्या रेणूचं वजन निघतं आणि त्यावरून ॲव्होगाड्रोची संख्या. आइनस्टाइनने १९०५ मध्ये कणांच्या थरथरण्याबद्दल मांडलेलं गणितही पेरँने याच कणांवर पडताळून पाहिलं. अणूंबद्दलची शंका संपली आणि १९२६ मध्ये पेरँला नोबेल पारितोषिक मिळालं. रंगाच्या वडीने अणूची साक्ष दिली. शाळेत चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास वेगळे ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

गँबोजमध्ये एक खोट मात्र होती. तो कच्चा रंग होता, उजेडात उडायचा. आजच्या पेट्यांत ‘न्यू गँबोज’ नावाची वडी मिळते. तिच्यात झाडाचा चीक नसतो, कारखान्यात बनवलेलं दुसरंच पिवळं रंगद्रव्य असतं. हे द्रव्य कंपनीगणिक बदलतं. इथून प्रश्नाचा दुसरा भाग सुरू होतो.

१८८६ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये मोठा वाद झडला. संग्रहालयात टांगलेली जलरंगचित्रं उजेडाने फिकी पडत आहेत, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू ते मानायला तयार नव्हती. तपास दोघांकडे आला: रसायनशास्त्रज्ञ विल्यम रसेल आणि कॅप्टन विल्यम ॲबनी. ॲबनी मूळचा लष्करी इंजिनियर, तरुणपणी काही वर्षं हिंदुस्थानात नोकरी केलेला. झाडाची उंची आणि उताराचा कोन मोजायला सर्व्हेवाले आणि वनखात्याचे लोक जी ‘ॲबनी लेव्हल’ वापरत आले, ती याचीच. या दोघांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवल्या. काही नळ्यांत कोरडी हवा, काहींत दमट हवा, काहींत हायड्रोजन, काही निर्वात. सगळ्या नळ्या महिनोन्महिने उन्हात टांगल्या. १८८८ मध्ये अहवाल आला. रंग उडवण्यात निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. बहुतेक कच्चे रंग हवा आणि ओल यांच्या साथीशिवाय जात नाहीत. निर्वात नळीत त्यांतले बरेचसे टिकले. वनस्पती आणि कीटकांपासून काढलेल्या रंगांपेक्षा खनिज रंग पक्के ठरले. संग्रहालयांत आज जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. त्या शिस्तीची मुळं या अहवालात आहेत. पेरँचं नाव पाठ्यपुस्तकात पोहोचलं, रसेल-ॲबनी तिथवर आले नाहीत. चित्रकारांनी तरी त्यांना विसरू नये.

या सगळ्याचा पेटी निवडण्याशी संबंध असा. चांगल्या रंगाच्या वेष्टनावर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो. पीबी म्हणजे निळा, पीवाय पिवळा, पीआर तांबडा, पीव्ही जांभळा, पीजी हिरवा, पीबीआर तपकिरी. ‘स्काय ब्लू’ आणि ‘रोझ’ ही दुकानातली नावं. त्यांखाली काय भरलंय ते क्रमांक सांगतो. शेजारी पक्केपणाची खूणही असते, तारे किंवा रोमन आकडे. तारे असतील तर जास्त तारे बरे; रोमन असतील तर एक-दोन घ्यावेत, दोनच्या पुढे जाऊ नये.

पीआर ८३, म्हणजे ॲलिझरिन क्रिमझन, मोहक पण कच्चा. त्याऐवजी पीव्ही १९ घ्यावा. ‘ऑपेरा’ नावाचा डोळे दिपवणारा गुलाबी दुकानात सगळ्यात आधी नजर खेचतो. त्याची चमक एका कृत्रिम रंजकामुळे असते आणि तीच सगळ्यात आधी जाते. वाचक भगिनींना मी हाच इशारा देईन: पेटीतला सगळ्यात झगझगीत रंग बहुधा सगळ्यात अल्पायुषी असतो.

अठ्ठेचाळीस रंगांची पेटी तर मुळीच नको. एका वडीत तीन-चार रंगद्रव्यं मिसळलेली असली आणि अशा दोन वड्या आपण मिसळल्या, की प्रत्येक द्रव्य पांढऱ्या प्रकाशातला आपापला वाटा गिळतं आणि कागदापर्यंत फारसं काही उरत नाही. मळकट रंग होतो तो असा. म्हणून वड्या एकाच रंगद्रव्याच्या हव्यात आणि थोड्या. पिवळा पीवाय १५४. तांबडे दोन, पीव्ही १९ आणि पीआर २५५. निळे दोन, पीबी १५ आणि पीबी २९. मातीचे दोन, पिवळा गेरू पीवाय ४३ आणि भाजलेली सिएना पीबीआर ७. या सात वड्यांत नागरहोळे उतरतं. पीबी १५ आणि पिवळा यांतून सागापासून बांबूपर्यंतचे हिरवे येतात. हिरवा फार कोवळा झाला तर त्यात सिएनाचं बोट लावायचं. पीबी २९ आणि सिएना मिसळले की काळ्याहून जिवंत असा करडा मिळतो. ओला खडक आणि हत्तीची पाठ त्यातच रंगवावी.

संच लहान पत्र्याच्या डबीतला, बारा ‘हाफ पॅन’ बसतील असा घ्यावा. पाच घरं रिकामी राहिली तर राहू द्यावीत, गरज कळेल तशी भरता येतात. झाकणाच्या पांढऱ्या लेपावरच रंग कालवता येतो. मधाचे रंग उन्हाळ्यात पटकन उचलतात, पण पावसाळी हवेत ओल धरून चिकट राहतात. ग्लिसरीनही ओल ओढतं, जरा कमी. डिंक हे बुरशीचं आवडतं खाद्य. त्यामुळे काम झालं की डबी उघडी ठेवून वाळवावी, मगच मिटावी. पाणी भरायचा नायलॉनचा ब्रश प्रवासात सोयीचा, मात्र मोठा वॉश द्यायला एक गोल ब्रश सोबत असावा.

वेष्टनावर क्रमांक नसेल तर रसेल-ॲबनींचा प्रयोग घरी करावा. प्रत्येक रंगाचे पट्टे कागदावर ओढायचे, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि उन्हाच्या खिडकीला तीन महिने लावून ठेवायचा. झाकण काढलं की कच्चे रंग आपोआप ओळखू येतात.

खरं तर घरी असा प्रयोग करायची वेळ कुणावर, विशेषतः पालकांवर आणि विद्यार्थ्यांवर, येऊच नये. पुण्याच्या सुदर्शन केमिकलचे रोहा आणि महाडचे कारखाने जगभरच्या रंग, प्लॅस्टिक आणि शाईच्या उद्योगांना रंगद्रव्यं पुरवतात. २०२५ मध्ये या कंपनीने जर्मनीचा ह्यूबाख उद्योग विकत घेतला. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला ‘कॅमलिन’चा उंट देशातल्या शाळांच्या दप्तरांत पोहोचला. रंगाचं एवढं ज्ञान आपल्या आसपास आहे. गाडीला रंग देणारा कारखानदार द्रव्याचा क्रमांक आणि पक्केपणा विचारल्याशिवाय माल घेत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलाच्या पेटीवरही तेच दोन तपशील छापलेले असले पाहिजेत, पेटी कितीही स्वस्त असली तरी. गिऱ्हाइकाने दुकानात विचारायला सुरुवात केली, तर ते छापले जातील. हुणसूरच्या दुकानात ती सुरुवात आमच्या वाचक भगिनींनी करावी.