म्यू, सिग्मा आणि पाच टक्क्यांची जरब

अनुमानात्मक संख्याशास्त्राचे पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याची बहुधा अशी समजूत होते, की म्यू म्हटले काय आणि एक्स-बार म्हटले काय, दोन्ही अखेर सरासरीच; ग्रीक अक्षराची योजना केवळ भारदस्तपणासाठी. वस्तुस्थिती अशी, की ज्या संपूर्ण समुदायाविषयी निष्कर्ष काढावयाचा त्या समष्टीचे गुणधर्म दर्शविणारी म्यू व सिग्मा ही प्राचले स्थिर असतात, परंतु सामान्यतः अज्ञात. उलट हाती आलेल्या नमुन्यावरून काढलेले एक्स-बार व एस हे आकडे ज्ञात असतात, परंतु नमुना बदलला की तेही बदलतात.

पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्या. महसूल खात्याच्या कामगाराने शेतावरून नजर फिरवून आणेवारी ठरवावी आणि ती दप्तरी दाखल व्हावी, हा जुना रिवाज. त्याऐवजी गाव, शेत आणि शेतातील जागा यदृच्छेने निवडून, तेवढ्याच तुकड्यातील पीक कापून, मळून वजन करावे, ही पीककापणी प्रयोगाची रीत. येथे दुसरा गैरसमज आडवा येतो : जिल्हा मोठा तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा. समजा, साध्या यदृच्छ निवडीने घेतलेल्या १०० तुकड्यांची सरासरी हेक्टरी ८०० किलो आणि प्रमाण विचलन, म्हणजे एस, २०० किलो आले. १०० चे वर्गमूळ १०; २०० ला त्याने भागले, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी २० किलो. जिल्ह्यात शेते पन्नास हजार असोत वा पाच लाख, या आकड्यात जाणवेल असा फरक पडत नाही; मात्र त्रुटी निम्मी करावयाची तर तुकडे २०० नव्हे, ४०० लागतील. एकीकडचे २०० किलो हे तुकड्या-तुकड्यांतील अंतर, दुसरीकडचे २० किलो ही सरासरीविषयीची अनिश्चितता. या दोहोंची गल्लत छापील अहवालांतही आढळते.

तथापि नमुना वाढविल्याने प्रत्येक दोष धुऊन निघतो, असेही नव्हे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले, की कापणीचा तुकडा फार लहान ठेवला तर उत्पन्न वास्तवाहून अधिक भासते. हद्दीवर उभे असलेले रोप आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची हद्द लांब. असे हजार तुकडे कापले, तरी तीच चूक हजार वेळा होईल.

वरील उदाहरणात ९५ टक्के विश्वास-अंतराळ सुमारे ७६१ ते ८३९ किलो येते. ९५ टक्के तुकड्यांचे उत्पन्न या दोन मर्यादांत आहे, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो, आणि तो साफ चूक आहे. जर्झी नेमन यांनी १९३७ साली मांडलेल्या विचारानुसार ९५ हा आकडा रीतीचा आहे : त्याच रीतीने वारंवार नमुने घेतले, तर निघणाऱ्या अंतराळांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराळे म्यूला कवेत घेतील.

‘पी’ या अक्षराने तर याहूनही अधिक घोटाळा केला आहे. रोनल्ड फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात चर्चिलेल्या प्रयोगात चहाच्या आठ पेल्यांपैकी दूध आधी ओतलेले चार पेले चव घेऊन ओळखावयाचे असतात. निवडीचे प्रकार ७०. म्हणून निव्वळ अंदाजाने सर्व बरोबर येण्याची संभाव्यता सत्तरांत एक, म्हणजे सुमारे १.४ टक्के. ही संभाव्यता म्हणजेच येथील ‘पी’. चव घेणाऱ्याला फरक कळत नाही, ही शून्य परिकल्पना खरी धरूनच तो काढलेला असल्यामुळे, ती खरी असण्याची संभाव्यता तो सांगूच शकत नाही. ‘पी’ पाच टक्क्यांहून कमी आला तरच फरक लक्षणीय मानावयाचा, ही मर्यादाही निसर्गनियम नव्हे. फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून सुचविलेली ती रेषा पुढे सरकारी परिपत्रकासारखी पाळली जाऊ लागली, एवढेच. शिवाय नमुना प्रचंड असला, की हेक्टरी दोन किलोंचा क्षुल्लक फरकही ती रेषा ओलांडतो. उलट, मोजक्या वाफ्यांवरील प्रयोगात ‘पी’ पाच टक्क्यांहून अधिक आला एवढ्यावरून एखादे खत निरुपयोगी ठरविणारा अहवाल समोर आला, तर उत्पन्नातील फरकाचे विश्वास-अंतराळ त्यात दिले आहे काय, हे आधी पाहावे. ते उणे ४० पासून अधिक २०० किलोपर्यंत पसरलेले असेल, तर खताच्या बाजूने वा विरुद्ध काहीही म्हणण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही.