कोंडलेल्या हवेचा साक्षीदार



जव्हार तालुक्यांतील जामसरसारख्या गावीं जुन्या धर्तीचें घर पाहिलें, तर त्याच्या भिंती कारवीच्या कुडाच्या व शेणामातीनें लिंपलेल्या असतात. कुडाच्या फटींतून आणि छपराच्या सांदींतून वारा खेळत असतो. तेथें हवा कोंडूं म्हटलें तरी कोंडत नाहीं. आतां त्या भागांतहि विटा-सिमेंटचीं पक्कीं घरें उभीं राहात आहेत. आणि आपण शहरवासी तर खिडक्या मिटून वातानुकूलित खोलींत निजतों. पक्क्या भिंतीनें पाऊस व थंडी अडते हें खरें. परंतु तिनें बुजविलेली वाऱ्याची वाट आतां आपणांस आठवणीनें उघडावी लागते.

ती केव्हां उघडावी? नाकावर विसंबून चालत नाहीं. कारण खोलींत बसलेल्याचें नाक तेथील हवेला लवकरच सरावतें. यासाठीं साक्षीदार हवा, आणि तो आपल्याच उच्छ्वासांत आहे. आपण सोडलेल्या हवेंत सुमारें ४ टक्के कार्बन डायॉक्साइड असतो. बाहेरच्या हवेंत तो दहा लाख भागांत सव्वाचारशेंच्या आसपास असतो. तेव्हां माणसांनी भरलेल्या खोलींत हा आंकडा जितका चढेल, तितकी एकमेकांनीं सोडलेली हवाच आपण पुन्हां घेत आहों असें समजावें. अशा हवेंत क्षयासारख्या रोगांचे जंतूहि सांचण्याचा संभव अधिक. १८५८ सालीं म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनीं याच वायूला साक्षीस धरून दहा लाखांत १००० भाग ही वसतीच्या खोलीची मर्यादा सुचविली. एवढ्या प्रमाणांत तो विषारी असतो असें नव्हे. हवा शिळी झाल्याची ती खूण होय.

पेटेनकोफर यांना त्यासाठीं रसायनें लागत. आज काडेपेटीएवढा सेन्सर तेंच काम करितो. त्याच्या पोकळींत एका बाजूस इवलासा दिवा व दुसऱ्या बाजूस किरण मोजणारा ग्राहक असतो. सुमारें ४.२६ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी हा वायु शोषून घेतो. ग्राहकापर्यंत किरण जितके कमी पोंचतील, तितका वायु अधिक, असा हा सरळ हिशेब आहे.

यंत्र घेतांना तें अवरक्त किरणांनींच मोजतें ना, हें विचारावें; कांहीं स्वस्त यंत्रें इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. तें खिडकीपासून व आपल्या तोंडापासून दूर, बसल्या उंचीवर ठेवावें. मधून मधून मोकळ्या हवेंत नेऊन त्याचा आंकडा ताडून पाहावा. आंकडा हजारावर गेला, कीं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. तो किती लवकर उतरतो तें घरांतील मुलेंहि कौतुकानें पाहतील.

मात्र साक्षीदार जें पाहतो तेवढेंच सांगतो. थंडीच्या रात्रीं शेगडी पेटवून दार लावून निजलेल्या घरांत खरा घातक वायु कार्बन मोनॉक्साइड हा असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. हें यंत्र त्याविषयीं मुकें असतें. चुलीच्या धुराचे कणहि त्याला दिसत नाहींत. म्हणून आंकडा कितीहि समाधानकारक दिसो, बंद खोलींत निखारा ठेवून कोणीं निजूं नये. जामसरच्या कुडाच्या भिंतीनें जें काम न सांगतां केलें, तें पक्क्या घरांत आपल्या हातांनीं करावयाचें आहे, एवढें ध्यानीं असावें.